पंचवीसपैकी चोवीस

माझ्या बायकोला दमा आहे आणि मी शाळेत मराठी शिकवतो. या दोन गोष्टींची कधी गाठ पडेल असं मला वाटलं नव्हतं. ती पडली, आणि त्यात चूक माझी होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण हीच गोष्ट बायको सांगायला लागली की फार रंगवून सांगते आणि मला मधे बोलू देत नाही.

जळगावातल्या ज्या डॉक्टर मॅडमकडे आम्ही जातो त्या वयाने लहान आहेत. आवाज मऊ, पण नजर अशी की माणसाला वह्या पूर्ण नसल्यासारखं वाटावं. त्यांनी बायकोला दोन पंप दिले. एक रोज सकाळ-संध्याकाळ ओढायचा, त्रास असो वा नसो. दुसरा निळा, दम लागला तरच. आणि त्यासोबत दिला एक छापील कागद. त्यावर पाच प्रश्न होते. गेल्या चार आठवड्यांत दम्यामुळे काम अडलं का, धाप किती वेळा लागली, रात्री जाग आली का, निळा पंप किती वेळा घ्यावा लागला, आणि एकूण दमा तुमच्या ताब्यात आहे असं तुम्हाला वाटतं का. प्रत्येक प्रश्नाला एक ते पाच गुण. पाच म्हणजे त्रास अजिबात नाही. एकूण पंचवीस. वीस किंवा वर असले तर दमा ताब्यात आहे असं धरायचं, खाली गेले तर औषधाचा पुन्हा विचार करायचा.

"नळीत फुंकायला लावून आजची छाती मला कळते," मॅडम म्हणाल्या, "पण महिनाभर घरात काय चाललं होतं ते हा कागदच सांगतो. दर महिन्याला ताईंनी स्वतः भरायचा."

'स्वतः' हा शब्द मी ऐकला होता. पण प्रश्न, उत्तर आणि गुण असं काही समोर आलं की माझा हात खिशातल्या पेनाकडे जातो. बायको चष्मा घरी विसरली होती, तेवढं निमित्त मला पुरलं. बाहेर बाकावर बसून मी मोठ्याने प्रश्न वाचायला लागलो. शेजारी शिंदखेड्याकडून आलेले एक नाना बसले होते. पांढरी टोपी, मांडीवर पिशवी, हातात तोच कागद. माझी बायकोही शिंदखेड्याचीच, त्यामुळे दोन मिनिटांत गाव, भाऊबंद आणि कपाशीचा भाव झाला. मग नाना तिच्याकडे झुकून म्हणाले, "आक्का, डोकं नको चालाडू. बठ्ठं पाच-पाच लिखी टाक. कमी लिखं ते मोठी सुई टोचतीन."

"नाना, हा परीक्षेचा पेपर नाही," मी म्हणालो.

"मंग मार्क कसाले शेत?" नानांनी विचारलं.

मार्क कशाला आहेत हा प्रश्न बाजूला ठेवून मी कागदावरचा पुढचा वाचला. बायको मात्र विचारात पडली, आणि ती विचारात पडली की मी सावध व्हायला हवं, हे पंचवीस वर्षांत मला कळायला हवं होतं.

तिचं गणित समजून घ्यायचं तर तिच्या माहेरच्या शेतावरचा जाळ आधी सांगायला हवा.

आमच्याकडे हिवाळ्यात भरताची पार्टी शेतात होते. भरताची ती मोठी, हिरवी-पांढरी वांगी. कपाशीच्या वाळलेल्या काड्या रचायच्या, पेटवायच्या आणि त्या जाळात वांगी भाजायची. या काड्या भसकन पेटतात आणि लगेच बसतात. वांगं एक क्षण जास्त राहिलं तर कोळसा, कमी राहिलं तर आत कच्चं. नुसता वास घेऊन नेमकं कधी फिरवायचं ते कळणारी माणसं थोडी, आणि त्या थोड्यांत आमच्या घरातून ही. तिच्या भावाच्या शेतात डिसेंबरात पार्टी ठरते ती हिच्या येण्याची तारीख विचारून. तीस-चाळीस माणसं जेवायला असतात आणि पदर खोचून, हातात लांब काठी घेऊन ही जाळासमोर उभी असते. तिचा भाऊ, जो गावात कोणाचं ऐकत नाही, तो तिला काड्या आणून देतो. इकडे जळगावात, पिंप्राळ्याच्या आमच्या घरात गॅस आहे, मिक्सर आहे आणि मी आहे. यातलं काहीच तिला त्या जाळाच्या जवळपास नेत नाही.

आणि मॅडम म्हणाल्या होत्या, "धुरापासून लांब राहायचं."

"किती लांब?" बायकोने विचारलं होतं.

"जितकं जमेल तितकं."

"आणि मार्क चांगले पडले तर?"

मॅडम औषधं लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बघू."

आमच्या घरी 'बघू' म्हणजे नाही. हिच्या माहेरी 'बघू' म्हणजे होय. ती माहेरचा अर्थ घेऊन घरी आली.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, पोहे झाल्यावर, जेवणाच्या टेबलावर मी पेपर घ्यायला लागलो. मी हे मनापासून केलं. कागद सरळ ठेवला, लाल पेन काढलं, टीव्ही बंद केला.

"प्रश्न पहिला. दम्यामुळे कामात अडचण नाही ना आली?"

"माझं काम कधी अडलंय?"

"पाच. धाप तर नाही ना लागली?"

"कोणाला?"

"तुला."

"नाही."

"पाच. रात्री दम्यामुळे जाग वगैरे नाही ना आली?"

"दम्यामुळे नाही. तुमच्या घोरण्यामुळे आली तर कुठे लिहायचं?"

"त्याला रकाना नाही. पाच. निळा पंप?"

"एकदाही नाही."

"पाच. आणि एकूण दमा ताब्यात आहे असं वाटतं?"

"दमा पण आणि तुम्ही पण."

पंचवीस झाले. पण मराठीच्या पेपरात पैकीच्या पैकी गुण द्यायचे नसतात. इतकी वर्षं मी कोणालाच दिले नाहीत. हात वळेना. मी शेवटच्या प्रश्नाचा एक गुण कापला आणि खाली लिहिलं, चोवीस.

"तो एक कशाचा कापला?" ती म्हणाली.

"आत्मविश्वास जास्त झाला."

ती हसली. मीही हसलो. पुढच्या दोन महिन्यांतही चोवीसच पडले. मी शाळेत, मधल्या सुट्टीत, सहकाऱ्यांना सांगत फिरलो की घरी दमा चोवीसवर आणून ठेवला आहे. जणू मीच अभ्यास घेतला होता. आज ते आठवलं की कान गरम होतात.

ऑक्टोबरात मॅडमनी तिन्ही कागद एका ओळीत मांडले, मग तिला नळीत फुंकायला लावलं. नळीतला काटा बघून त्यांच्या कपाळावर आठी आली.

"ताई, मार्क चोवीस आणि फुंकर एवढीच?"

"सकाळपासून काही खाल्लं नाही, मॅडम. फुंकायला जोर कुठून येणार?"

ती दोन कचोऱ्या खाऊन आली होती. मी समोर बसलो होतो. मी बोललो नाही. नवरा-बायकोत एवढं चालतं असं मी स्वतःला समजावलं.

मॅडमनी पेन हातात फिरवलं. "खरं म्हणजे असे मार्क तीन महिने टिकले की मी रोजच्या पंपाचा डोस कमी करते. पण फुंकर पटत नाहीये. आणखी एक महिना बघू. पुढच्या खेपेला असेच मार्क असतील तर कमी करूया."

बाहेर आल्यावर बायको खुशीत होती. डोस कमी म्हणजे दमा बरा, दमा बरा म्हणजे डिसेंबरात जाळ. मी स्कूटर काढली आणि वाटभर मला त्या दोन कचोऱ्या दिसत राहिल्या.

त्याच आठवड्यात आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने मला हाक मारली. "सर, ताईंचा निळा पंप आलाय. परवा संपला होता ना, म्हणून मागवून ठेवला. नेता का?"

"निळा?" मी विचारलं.

"नेहमीचाच," तो म्हणाला, आणि माझा चेहरा बघून पुढे गप्प झाला. औषधवाल्यांना चेहरे लवकर कळतात.

पंप खिशात टाकून मी घरी आलो आणि दुसरी गोष्ट डोक्यात आली. आमच्याकडे नळाला दोन दिवसांआड पाणी येतं, तेही पहाटे. पाण्याच्या दिवशी ही पहाटेच उठते, हे मला माहीत होतं, आणि बिचारी पाण्यासाठी उठते म्हणून मी हळहळायचोही, अर्थात झोपूनच. पण गेले कित्येक दिवस मला जाग येते तेव्हा ती रोजच उठलेली असते. खुर्चीत ताठ बसलेली, समोर चहा. पाणी दोन दिवसांआड आणि ही रोज. भाषेच्या माणसालाही कळावं इतकं ते गणित सोपं होतं.

मी पंप टेबलावर ठेवला, बरोबर जिथे मी पेपर घ्यायचो तिथे.

"हा काय आहे?"

तिने पंपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. नाकारायच्या भानगडीत ती पडली नाही. "माझा आहे. द्या इकडे. जुना तुरीच्या डाळीच्या डब्यात आहे, तो टाकून देते."

"तू म्हणालीस एकदाही घेतला नाही."

"तुमच्यासमोर एकदाही नाही. 'तुमच्यासमोर' मनात म्हटलं होतं."

"आणि काम अडत नाही म्हणालीस!"

"नाहीच अडलं. भाकरी बसून थापते. जिना चढताना मधे थांबून शेजारणीशी बोलते. फडकं तोंडाला बांधून झाडते. बघा ना घराकडे, कुठे काही अडलंय का?"

मी घराकडे बघितलं. काही अडलेलं नव्हतं. तिच्या माहेरी, तिच्या आईकडे, वहिनीकडे, कोणाकडेही काम अडत नाही. अंगात ताप असला तरी अडत नाही. कशी आहेस विचारलं तर "बठ्ठं बरं शे", सगळं बरं आहे, एवढंच उत्तर येतं आणि चूल पेटलेली असते. पहिल्या प्रश्नाला त्या घरातल्या कुठल्याही बाईला पाचच गुण पडले असते.

"पण रात्रीचं? पहाटेचं? मला उठवायचं तरी!"

"उठवलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

"काळजी केली असती."

"म्हणूनच नाही उठवलं." मग ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. "लाल पेन द्या."

"कशाला?"

"आता मी पेपर घेते. प्रश्न पहिला. गेल्या चार आठवड्यांत बायकोला 'कशी आहेस' असं किती वेळा विचारलं?"

"रोज विचारतो!"

"रोज 'बरी आहेस ना' विचारता. ते वेगळं. पेपर घेतानासुद्धा तेच. धाप नाही ना लागली, जाग नाही ना आली. शाळेत एखाद्या मास्तराने पोरांना असे प्रश्न विचारले तर काय म्हणता तुम्ही त्याला?"

दहावीच्या परीक्षेला मी पर्यवेक्षक असलो की पोरं खिशात रुमालसुद्धा ठेवत नाहीत. कॉपीच्या बाबतीत मी इतका कडक आहे. आणि माझ्याच टेबलावर तीन महिने मी पेपरही घेत होतो आणि उत्तरंही सांगत होतो. का सांगत होतो तेही मला त्या क्षणी कळलं. मला पाचच ऐकायचे होते. चार ऐकले असते तर काहीतरी करावं लागलं असतं.

"एक गुण," ती म्हणाली आणि पुढे गेली. बायको बोलत असताना मान किती वेळा वर केली. कपाटावरची धूळ तिच्यासमोर किती वेळा झटकली. दवाखान्यात तिच्या आधी स्वतः किती वेळा बोललात. आणि एकूण नवरा ताब्यात आहे असं वाटतं का. फक्त शेवटच्या प्रश्नाला मला पाच मिळाले. बेरीज करून तिने खाली लिहिलं, नऊ. तिने लाल पेनाने गोलही काढला.

मग तिचा आवाज एकदम उतरला. "हे बघा, डिसेंबरपर्यंत गप्प राहा. एकदा भरीत होऊ द्या. मग मी बाराखडी म्हटल्यासारखं सगळं खरं सांगते. हे एवढं एकच आहे माझं तिथे. एकदा 'ताईला दमा आहे, तिला बसू द्या' सुरू झालं की पुढच्या वर्षीपासून वहिनी मला पाहुणीसारखं ताट वाढेल."

मी होय म्हणालो. गप्प राहिलो तर डोस कमी होणार, आणि कमी डोसवर ही कपाशीच्या धुरात उभी राहणार. बोललो तर दिलेला शब्द मोडणार. दिवाळी तशीच गेली. फटाके सुरू झाले की ती स्वयंपाकघरात जायची आणि डाळीच्या डब्याचं झाकण वाजायचं. मी इकडे 'बरी आहेस ना' ओठांवर यायचं ते गिळायचो. 'कशी आहेस' मात्र तोंडातून निघेना. इतक्या वर्षांची सवय.

नोव्हेंबरात आम्ही पुन्हा मॅडमसमोर बसलो. कागद कोरा होता. त्या महिन्यात पेपर झालाच नव्हता.

"भरला नाही?" मॅडमनी विचारलं.

बायकोने माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत धमकीही होती आणि विनवणीही. मी उभा राहिलो.

"मॅडम, आतापर्यंतचे तिन्ही कागद मी भरले. अक्षर बघा, माझंच आहे. ताईंनी स्वतः भरायचा असं तुम्ही म्हणाला होतात. मी बाहेर बसतो. तुम्ही विचारा, ती सांगेल. चष्मा आज तिच्या पर्समध्ये आहे, मी बघून ठेवलाय."

आणि मी बाहेर आलो. तिने काय सांगावं ते मी सांगितलं नाही, म्हणजे शब्द मोडला नाही, असं मी स्वतःला म्हणालो. ते पूर्ण खरं नव्हतं हे मला तेव्हाही कळत होतं.

बाकावर बसून मी दाराकडे बघत राहिलो. आतून आधी मॅडमचा मऊ आवाज. मग बराच वेळ बायकोचा. मग दोघी मोठ्याने हसल्या, आणि ते हसणं माझ्यावर होतं यात मला शंका नाही.

दार उघडून मॅडमनी मला आत घेतलं. टेबलावर कागद होता, बायकोच्या ठसठशीत खुणांचा.

"सर, तेरा," मॅडम म्हणाल्या.

चोवीस पडत होते तेव्हा मला जितका आनंद झाला होता, त्याहून जास्त बरं मला त्या तेराने वाटलं. हे मी आजही कोणाला नीट समजावू शकत नाही.

"मार्क कमी पडले म्हणून मी कोणाला नापास करत नाही," मॅडम बायकोला म्हणाल्या. "हे मार्क मला लागतात, औषध ठरवायला. तुम्ही चोवीस सांगितले असते तर आज मी डोस कमी केला असता." मग त्यांनी तिला पंप कसा ओढते ते करून दाखवायला लावलं. तोही चुकत होता. अर्धं औषध तोंडातच राहत होतं. तो नीट शिकवला, रोजचा पंप बदलून दिला. आणि धुराबद्दल म्हणाल्या, "त्याचा मार्कांशी काही संबंध नाही, ताई. पंचवीस पडले तरी जाळापुढे उभं राहायचं नाही."

बायकोचा चेहरा पडला. "मग शेतात जाऊच नको का?"

"जा ना. वारा जिकडून येतो त्या बाजूला, चांगलं लांब बसा. वारा फिरला की लगेच तिथून हलायचं. निळा पंप डाळीत नाही, हातात."

स्कूटरवर मागे बसल्यावर तिला मी न राहवून विचारलं, "आत खरं का सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं, रात्री कशा झोपता. 'कशा' म्हणाल्या हो." मग म्हणाली, "आणि तुम्ही गेलात ना बाहेर. मग कोणासाठी पास व्हायचं?"

डिसेंबरात आम्ही सुरतच्या गाडीने शिंदखेड्याला गेलो. तोवर तिचा कागद अठरावर आला होता, स्वतः भरलेला, आणि ती पहाटे फक्त पाण्याच्या दिवशी उठत होती. भावाला तिने फोनवरच सांगून ठेवलं होतं, तिच्या पद्धतीने. शेतात पोचलो तर बांधावरच्या कडुनिंबाखाली खाट टाकलेली, त्यावर गोधडी, आणि जाळाच्या जागेपाशी काड्यांचा ढीग. वहिनीने मला लांब काठी आणून दिली.

"हे काय?" मी विचारलं.

"ताई म्हणस, यंदा तुम्ही," वहिनी म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली.

मी वांगी भाजली. म्हणजे वांग्यांसमोर उभा होतो. खाटेवरून, लांबून, वाऱ्याच्या बाजूने हुकूम येत होते. डावीकडचं फिरवा. ते नाही, त्याच्या मागचं. वास घ्या. वास घ्या म्हटलं, तोंड नका फिरवू! माझे डोळे पाझरत होते, भुवया करपल्या होत्या. तिचा भाऊ काड्या टाकताना ओरडला, "पाव्हणा, वांगं जळी ऱ्हायनं!" तोवर ते जळालंही होतं. जमलेल्या मंडळींना भुकेपेक्षा करमणूक जास्त मिळाली. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. जाळाकडे कोणी बघत नव्हतं. सगळ्यांच्या माना खाटेकडे होत्या, पुढचा हुकूम काय येतो ते ऐकायला.

"ताई, किती मार्क?" भावाने विचारलं.

"पंचवीसपैकी सात."

"सात कसाले?"

"काम अडलं नाही, त्याचे पाच. दोन भुवयांचे."

तेवढ्यात वारा फिरला. धुराचा पट्टा वळून कडुनिंबाकडे निघाला. मी काठी टाकली आणि ओरडलो, "उठ, तिकडे हो!" ती उठली नाही. तिने निळा पंप मुठीत धरला, मांडी घातली आणि भावाकडे बघून म्हणाली, "मला हलायला सांगितलंय. चालायला नाही सांगितलं."

भाऊ हसत पुढे झाला. त्याच्यासोबत तिघे आले. चौघांनी खाटेचे चार पाय धरले आणि तिला तशीच बसलेली उचलून, तुरीच्या ओळींच्या कडेने फिरवत, शेताच्या दुसऱ्या टोकाला नेलं. जाता जाता ती मागे वळून मला सांगत होती की उजवीकडचं वांगं आता नक्की काढा.

मी वांगी तशीच सोडून तिच्यामागे धावलो. खाटेजवळ पोचल्यावर मला धाप लागली होती. तिला नव्हती.

"कशी आहेस?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे नीट बघितलं, जणू उत्तर आधी तोलून घेत होती. "चार," ती म्हणाली. "एक तुमच्या भरतासाठी कापला."